मी चालवलेली पाणपोई

समुपदेशक म्हणून पहिली काही वर्षं मी खरं तर पाणपोईच चालवली. समोरचं माणूस रडू लागलं रे लागलं, की मी तांब्यातून पेला भरून पुढे करायची. आपल्याकडे रडणाऱ्याला पाणी देतातच की! पण पाणी पिताना रडता येत नाही, हे तेव्हाच्या मला, त्या कडक इस्त्रीच्या साडीतल्या शहाणीला कुठलं कळायला? माणूस गप्प झालं की बाईसाहेब स्वतःवर खूश.

आज हे आठवलं, कारण माझी नात जेवणाच्या टेबलाशी बसून रडते आहे. “आजी, काही विचारू नकोस,” एवढंच म्हणाली. विचारलं नाही, पण हात मेला तांब्याकडे गेलाच. मागे घेतला, मांडीखाली दाबला, तरी बोटांची चुळबुळ थांबेना. इतकी वर्षं माणसं ऐकली, लोक मला या कामात मुरलेली म्हणतात. मुरलं ते एवढंच, की हात तांब्याकडे निघाला की आता कळतं.

ते कळलं सुमनबाईंमुळे. त्यांचा तरुण मुलगा गेला होता. माझ्याकडे यायच्या, पेलाभर पाणी पिऊन कोरड्या डोळ्यांनी परत जायच्या. एके दिवशी मी पुढे केलेला पेला त्यांनी माझ्याच हातात परत दिला आणि म्हणाल्या, “हे तुम्हीच प्या, बाई. घाबरलाय तुम्ही. मला जरा रडू द्या.”