मुहूर्ताच्या तासाला आलेला पाहुणा

१ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. लक्ष्मीपूजन. चकल्या जरा कडक झाल्या. सहा ते सात शेअर बाजाराचा मुहूर्ताचा तास. साडेसहाच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरचा धवल घरी आला होता.

एवढंच लिहून माणिक गुप्तेंनी पेन खाली ठेवलं. वांद्र्याच्या नन्सनी लावलेली रोजनिशीची सवय वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षीही सुटली नव्हती. पण सगळंच लिहिलं पाहिजे असं काही नन्सनी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी ह्याच धवलने मुलुंडमधल्या निवृत्त मंडळींसाठी शेअरच्या सल्ल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. माणिकबाईंच्या यजमानांनी, सुबोधरावांनी, फंडाचे पैसे त्याच्या सांगण्यावरून एका सोलर कंपनीत घातले. भाव घसरू लागला तेव्हा धवल ग्रुपवर रोज लिहायचा, ‘होल्ड करा!’ आणि स्वतः मात्र तोच शेअर वरच्या भावाला विकून खालच्या भावाला उचलत होता. सुबोधरावांनी पार्किंगमध्ये जाब विचारला, तर चारचौघांत म्हणाला, “अंकल, मार्केट आहे, अंगणवाडी नाही.” लोक हसले. त्यानंतर सुबोधराव खाली उतरले नाहीत. आठ महिन्यांनी त्यांना खाली आणलं ते चौघांनी.

मागे राहिले ते पंपांच्या कंपनीचे सात हजार शेअर. तिथे त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती. आणि ह्या दिवाळीत काय झालं, तर त्याच ग्रुपवर कोणीतरी ह्या कंपनीला मोठी ऑर्डर मिळाल्याची बातमी टाकली. पेन्शनर, शिकवणीवाले, फार्मसीवाला, सगळे तुटून पडले. भाव रोज चढू लागला. धवलला वाटलं, हा फुगा आहे, फुटणारच. आज संध्याकाळी मुहूर्ताचा बाजार उघडल्या उघडल्या त्याने हातात नसलेले पाच हजार शेअर विकून टाकले. तासाभरात स्वस्तात घेऊन भरायचे, असा हिशेब. मुहूर्ताला लोक शगुनाची खरेदी करतात, विकत नाहीत, हे त्याला माहीत होतं. पण नफा दिसला की शगुन कोण बघतो, असं तो धरून चालला. मुलुंडने बघितला. भाव दिवसाच्या वरच्या मर्यादेला जाऊन चिकटला. घेणारे शेकडो, विकणारा एक नाही.

“काकू, तुमच्याकडे आहेत. अंकलचं खातं मीच उघडून दिलं होतं ना. विका, प्लीज! खरेदीच्या रांगेत माझा नंबर पहिला आहे.”

“आधी बस रे. फराळ घे.”

“फराळ नको, काकू! सातच्या आत नाही मिळाले तर वाट लागेल माझी. एक्स्चेंजच्या लिलावात पडेल त्या भावाला उचलावे लागतील, वर दंड. घराच्या बुकिंगचे पैसे लावलेत. श्वेताला माहीत नाही.”

श्वेता त्याची बायको, गुणी मुलगी. माणिकबाईंचा हात बशीवर क्षणभर थांबला. मग त्यांनी दोन चकल्या वाढल्या.

“लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरातली लक्ष्मी बाहेर काढू? आज कोणी चिमूटभर मीठ देत नाही.”

“तुम्ही कधीपासून हे मानायला लागलात? कॉन्व्हेंटच्या ना तुम्ही?”

“आजपासून.”

त्याने फोन पुढे केला. “एक बटण दाबायचंय, काकू. वरून अजून पैसे देतो. अंकल असते तर त्यांनी नक्की दिले असते.”

“दिले असते,” माणिकबाई म्हणाल्या. “भोळे होते. पार्किंगमध्ये तू त्यांना काय म्हणाला होतास, आठवतं?”

धवलने खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. “काय म्हणालो होतो?”

इतका वेळ माणिकबाईंच्या मनात कुठेतरी थोडी जागा होती. ती आता बंद झाली. त्यांनी सांगितलंही नाही. स्वयंपाकघरात जाऊन आलं किसलं, चहा नीट उकळू दिला, गाळला. बाहेर धवल स्क्रीनवर पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होता.

कप घेऊन त्या आल्या तेव्हा बाजार बंद झाला होता.

“साखर कमी झाली असेल तर सांग हो,” त्या म्हणाल्या.

तो न पिता गेला. दोन जिने उतरेपर्यंत त्याच्या चपलांचा आवाज त्या ऐकत उभ्या राहिल्या, आणि मग तो चहा त्यांनीच प्यायला. गोडी बरोबर होती.

खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचलून त्यांनी त्या दिवसाखाली आणखी एक ओळ लिहिली: नळाचं पाणी आज लवकर गेलं, पिंप अर्धंच भरलं.