केसाएवढी भेग

“पेपर तुम्हीच तपासला, पास तुम्हीच केलं, अन् आता नापास म्हणून राहिलात?” लॅबच्या काउंटरवर तीन रिपोर्ट आपटत सोनवणे सर गरजले.

त्यांचं खरं होतं. तिन्ही रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट म्हणून माझीच सही होती.

सर लातूरच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचे. वर्षापूर्वी हैदराबादला ऑपरेशन करून त्यांची प्रोस्टेट ग्रंथी काढली होती. कॅन्सर होता, तोही आक्रमक जातीचा. ही ग्रंथी पीएसए नावाचं प्रथिन रक्तात सोडते. ग्रंथीच काढली की त्याचा आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा आणि तिथंच राहायला हवा. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि रिपोर्ट सर्जनला पाठवायचा.

सरांचे आकडे होते ०.१, ०.२ आणि ०.४. शेजारी आमच्या कॉम्प्युटरने छापलेलं: नॉर्मल ० ते ४. ही मर्यादा ग्रंथी शाबूत असलेल्या माणसाची. ऑपरेशन झालेल्याला ती लावायची नसते, हे कॉम्प्युटरला कळत नव्हतं. मला कळायला हवं होतं. चारच्या वरचा आकडा ठळक छापला जायचा, आणि लातुरात रिपोर्टही मार्कमेमोसारखा वाचतात. ठळक काही नाही ना, मग पास. सरांनी रिपोर्ट फाइलला लावले; हैदराबादला एकही पाठवला नाही. तिसऱ्या वेळी मी सहज मागचे दोन शेजारी ठेवून पाहिले. लगेच सरांना बोलावून घेतलं.

“सर, आकडा दरवेळी दुप्पट होतोय. हैदराबादला जा. वेळेत लाईट दिली तर आवरता येईल.” लाईट म्हणजे रेडिएशन, आमच्याकडे सगळे लाईटच म्हणतात.

“पॉइंट चार तर हाय! पोरांची परीक्षा दोन महिन्यांवर आली. बॅच सोडून जाऊ कसा?”

आणि ते निघून गेले.

खात्रीसाठी पुन्हा रक्त घ्यायचं होतं. सर लॅबकडे फिरकेनात, तेव्हा मीच सुई आणि ट्यूब घेऊन त्यांच्या घरी गेले. टेक्निशियनला पाठवलं नाही. चूक माझी, बोलणी त्याने का खावीत?

दंडाला पट्टा बांधताना समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. वरून एक बारीक भेग उतरली होती. तिच्या टोकाशी पेन्सिलीची आडवी खूण आणि बाजूला तारखांची रांग.

“हे काय हो?”

उत्तर सरांच्या पत्नीने दिलं. “भूकंपापासून हाय ते. अजून बी दर महिन्याला स्टुलावर चढून बघतेत. मी म्हणते, केसाएवढी भेग, त्यानं घर पडतंय व्हय?”

“तुला न्हाई कळायचं,” सर म्हणाले. “भेग केवढी हाय ते बघायचं नसतंय. खुणेच्या पुढं सरकून राहिली का, ते...”

वाक्य तिथंच थांबलं. ट्यूब भरली, कापूस दाबला.

“किती म्हणालात, मॅडम? पॉइंट एक, दोन, चार?”

“हो.”

“भूमिती श्रेढी हाय की ही,” सर हळूच म्हणाले.

“म्हणजे काय हो?” पत्नीने विचारलं.

“म्हणजे उद्याच्या गाडीनं हैदराबाद.”

फेरतपासणीतही आकडा तोच आला. सरांनी पुरी लाईट घेतली. बॅच दुसऱ्या सरांनी संपवली आणि पोरं झकास पास झाली. आपल्यावाचून अडलं नाही, तेवढं मात्र सरांच्या मनाला लागलं. त्यांचा आकडा उतरला आणि पुढच्या तपासण्यांत खालीच राहिला. बरा झालो असं ते म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. तीन महिने झाले की येऊन हात पुढे करतात.

ऑपरेशन झालेल्यांच्या रिपोर्टवरून ‘नॉर्मल’ हा शब्द मी काढून टाकला. त्या जागी मागचे आकडे छापते. कॉम्प्युटरला पास-नापास कळतं. मागच्या वेळी किती होते, हे माणसाने विचारायचं असतं.

सर ते दरवेळी विचारतात. रिपोर्ट हातात घ्यायच्या आधी चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. “मॅडम, मागचा काढून पाहिला का?”

पाहिलेला असतो. तरी दरवेळी मला थोडी लाज वाटते, आणि ती वाटते तेच बरं.