सतराव्या पानावरचा नेटीचा गोल

थेल्मा हाउगेन आपल्या गावात तेहतीस वर्षं टपाल वाटत होती. कुणाचा मुलगा पत्र पाठवत नाही, कुणाचं लग्न मोडलं, सगळं तिला आधी कळायचं, पण तोंडातून कधी शब्द नाही काढला. तोंड सुटलं ते एकदाच, तेही वाचनालयात, आणि तेवढ्यानं तिची मैत्रीण नेटी बोयचुक दुरावली.

वाचनालय म्हणजे काय, हॉकीच्या मैदानामागची एक खोली. दर बुधवारी दुपारी आठदहा बायका आणि दोन म्हातारे बसायचे, कॉफी घ्यायचे, आणि सध्या कोण काय वाचतंय, आवडतंय का, ते सांगायचे. नेटी खसखशीचा रोल करून आणायची. थेल्मा जाड जाड पुस्तकांबद्दल बोलायची. तिला बापानं आठवीतून काढलं होतं ना गाई बघायला, ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. कुणी म्हणालं, "थेल्मा, तू प्राध्यापकच व्हायला हवी होतीस," की तिला आठवडाभर पुरायचं.

नेटीचं आपलं एकच, गुराख्यांच्या प्रेमाची पुस्तकं. त्या दिवशी ती हातवारे करून सांगत होती, एक विधुर आहे, त्याच्याकडे स्वयंपाकाला एक विधवा येते, बर्फात अडकतात. डोळे नुसते चमकत होते तिचे. तर थेल्मा म्हणाली, "अगं, हेच नाही का तू मागच्या महिन्यात सांगितलंस? फक्त घोड्याचा रंग बदललाय."

सगळी खोली हसली. नेटीही हसली. कपबशा धुऊन घरी गेली, आणि पुढच्या बुधवारी आली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. चार वर्षं दुखला तो गुडघा. दुकानात भेटायच्या तेव्हा गव्हाबद्दल बोलायच्या, थंडीबद्दल बोलायच्या. थेल्मा रोज ठरवायची की उद्या तिच्या दारात जाऊन सांगते, चुकले बाई. उद्या काही उजाडला नाही. मग नेटीला तिच्या पोरानं लांबच्या गावी वृद्धाश्रमात ठेवलं.

आता आपल्याकडे मोठ्या अक्षरांची पुस्तकं वाचणाऱ्यांची एक खोड आहे. आपण हे वाचलंय की नाही ते विसरायला होतं, म्हणून सतराव्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीनं खूण करायची. थेल्माची आडवी रेघ, नेटीचा बारका गोल. लॉरेटा, ती वाचनालयवाली, कुरकुरते पण पुसत नाही.

त्या हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद, शहरातून पुस्तकांची नवीन पेटी आली नाही, म्हणून थेल्मानं जुनंच एक पुस्तक काढलं. सतरावं पान उघडलं तर तिच्या रेघेखाली नेटीचा गोल. तिनं दुसरं काढलं. त्यातही गोल. नंतर खाली बसून कपाटच उपसलं. चार वर्षांत तिनं बुधवारी वाखाणलेलं प्रत्येक पुस्तक नेटीनं नेलं होतं.

"शुक्रवारी यायच्या," लॉरेटा म्हणाली. "आल्या की आधी विचारायच्या, थेल्मानं काय सांगितलं या खेपेला?"

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही कधी विचारलंत का त्यांच्याबद्दल?"

थेल्मानं गुराख्यांच्या कपाटातलं एक पुस्तक पिशवीत टाकलं. घरी वाचायला बसली आणि चुलीवरचे बटाटे करपले तरी उठली नाही. रस्ता मोकळा झाल्याबरोबर ते पुस्तक घेऊन गाडी काढली.

नेटी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. डोळे पार गेले होते.

"कोण ते?"

"थेल्मा."

"बस. कोट काढ, इथे फार उकडतं." अशी बोलली, जणू कुणी परकी पाहुणीच आलीय.

"नेटी, मी त्या दिवशी जे बोलले ते..."

"राहू दे गं. मला एक सांग. ते निळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड, दोन बहिणींचं. तू म्हणाली होतीस ना, जन्मात एकदा वाचावं असं. डोळ्यांत थेंब घालघालून वाचत होते, पण निम्म्यावर दिसायचंच बंद झालं. ती धाकटी परत येते का?"

ते पुस्तक थेल्मानं साठ पानं वाचून ठेवून दिलं होतं. सतराव्या पानावर रेघ मारायला कितीसं वाचावं लागतं? बाकीचं मागच्या पुठ्ठ्यावर छापलेलंच तिनं बुधवारी बोलून दाखवलं होतं.

खोटं बोलता आलं असतं. येते म्हटलं असतं तर नेटी खूश झाली असती.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी ते पुरं वाचलंच नाही गं. बुधवारी सांगायचे त्यातली बरीचशी नाही वाचली."

नेटी हळूच म्हणाली, "मला ती पुस्तकं आवडायची नाहीत, माहितेय? जड जायची. वाटायचं, एक दिवस बुधवारी येऊन बसेन आणि तुझ्याशी त्यांच्यावर बोलेन, म्हणजे हसणार नाहीस."

थेल्मानं तिचा हात धरला. नेटीनं काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"हे तुझ्या गुराख्यांचं एक आणलंय," थेल्मा म्हणाली. "वाचून दाखवू?"

"नको. आज नको."

आश्रमातली कामाची पोरगी सूप घेऊन आली, तिनं नेटीच्या गळ्याशी रुमाल बांधला आणि एकेक चमचा भरवू लागली. थेल्माला कुणी थांब म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. पुस्तक मांडीवर धरून ती वाटी रिकामी होईपर्यंत तशीच बसून राहिली.