धामन कोनत्या रकान्यात?

मी तवापर्यंत शाळेत एकदाच गेलतो, भितीले चुना माराले. तरी मांगच्या वर्षी माहं बोलनं पार इंटरनेटवर चढलं.

झालं असं का, माही पोट्टी चौथीत. तिच्या मॅडमनं वर्गाचं एक पान बनवलं, मोबाईलात उघडते. विकी म्हनतात त्याले. पोट्टे त्याच्यात लिवतात, कोनीबी दुसऱ्याची ओळ सुधारते, आन् पयले काय लिवलं होतं तेबी दिसत राह्यते. मारेगावकडच्या एका शाळेचे पोट्टेबी त्याच पानावर. इषय होता वावरातले साप. मॅडमनं दोन रकाने पाडले होते, एक पाह्यल्याचा, एक ऐकल्याचा.

पोरगी वही घेऊन बसली. "बाबा, तुले सापाचं काय माहीत हाय?"

आता असं इचारल्यावर कोन गप बसन? म्या सांगतलं, धामन गाईच्या पायाले येटोळे घालते आन् सडाले तोंड लावून दूध पेते.

"पाह्यलं का ऐकलं?"

"पाह्यलं! या दोन डोयानं!"

तिनं तसंच लिवलं. दुसऱ्या दिवशी तिकडून सवाल आला, "गाय कोणत्या रंगाची होती?" मले असा आनंद झाला! मले कधी कोनी काही इचारतच नाई, बायको सोडून, आन् तिले उत्तर नको असते. म्हनलो, "लिव, लाल." मंग आलं, "गाय उभी कशी राहिली? सापाला दात असतात." म्हनलो, "लय गरीब गाय होती." मी वावरातून पयत घरी येऊन राह्यलो रोज. "आलं का? आलं का काही?" तिसऱ्या दिवशी इचारलं, "सापाला ओठ नाहीत, तो दूध ओढतो कसा?"

मी इचार करून राह्यलो, तं बायको चुलीपासून म्हने, "काहो, आपल्या घरी गाय कधी होती?"

चवथ्या दिवशी पोरगी तोंड पाडून आली. मारेगावकडच्या पोट्ट्याईनं लिवलं होतं, "तुझे बाबा फेकतात." तेवढ्यावर भागलं नाई. तिनं सोता शाळेच्या पायरीखाली कवड्या साप पाह्यलता, त्या ओळीपुढंबी त्याईनं प्रश्नचिन्ह लावलं.

"माहं खरं होतं बाबा," ती म्हने. "तुह्यापायी तेबी खोटं झालं."

जेवन गेलं नाई मले. सकायी शाळेत गेलो. म्हनलो, "मॅडम, धामन ऐकलेल्यात टाका. माह्या बापानं सांगतलं. त्याले कोनं सांगतलं, देव जाने."

मॅडम रागावल्या नाईत. म्हने, "बरं भाऊ. मग तुम्ही स्वतः काय पाहिलं?"

सगळे पोट्टे माह्याकडं पाहून राह्यले. सुटका नोती.

"पऱ्हाटीत कापूस येचून राह्यलो होतो. पायाजवळून धामन निघाली. मी झोळी फेकली आन् पयालो. धुऱ्याचा बांध ओलांडला, नाला ओलांडला, एक चप्पल चिखलात गेली, रोडवर जाऊन थांबलो. पयता पयता एकडाव मांगं पाह्यलं, तं धामन दुसऱ्या बाजूनं पयत होती. माह्याहून जोरात."

वर्ग असा हासला का मॅडमनं पदर तोंडाले लावला. माही पोरगी हासली नाई. तिनं इचारलं, "धामन मानसाले भेते, हे पाह्यलं?"

"पाह्यलं."

"आन् तू धामनले भेतो, हे?"

"तेबी पाह्यल्यातच लिव."

तिनं मॅडमच्या मोबाईलात सगळं लिवलं, चपलीसकट. मी तिथंच बसून राह्यलो, तं मधल्या सुट्टीत उत्तर आलं, "आमचे बाबा पण पळाले होते, पण ते सांगत नाहीत." मंग मॅडम म्हने, "अगं, हे बघ." कवड्यापुढचं प्रश्नचिन्ह कोनीतरी काढलं होतं, आन् खाली पोरीलेच सवाल होता, "तुझा साप किती लांब होता?"

"पायरीच्या अर्ध्यापर्यंत होता!" पोरगी वरडली आन् भाईर पयाली. मांगं सगळा वर्ग. मॅडमनं टेप आनला. एक टोक पोरीनं धरलं, दुसरं माह्या हातात देल्लं आन् म्हने, "बाबा, हलू नको."

मी श्वासबी घेतला नाई.