मोठ्या अक्षरांखालचं बटण

पुलाचा चढ संपत आला तरी खुडबुडीने मोबाइलवरून मान वर केली नव्हती. वहिनी तिच्या खांद्यावरच्या पिशवीचा बंद धरून तिला कडेकडेने नेत होती, एखादी हट्टी गाय नेतात तशी.

"ताई, समोर खांब आहे."

"दिसला मला."

"दिसला असता तर वळला असतात."

खुडबुडी वळली, पण नजर स्क्रीनवरच. पान उघडायचं, वरून खालपर्यंत सरकवायचं, बंद करायचं, परत उघडायचं. घरून निघाल्यापासून हेच चाललं होतं.

खुडबुडी म्हणजे वहिनीची थोरली नणंद. लहानपणी तिने भिंतीवरचं घड्याळ उघडून परत जोडलं, तेव्हा दोन स्क्रू उरले आणि घड्याळ तरीही चालत राहिलं. तेव्हापासून घरात हेच नाव. आता केस पांढरे झाले, ऑफिसात लोक मॅडम म्हणतात, पण घरी ती खुडबुडीच. आधी ती एका छापखान्यात टाइप करायची. छापखाना बंद पडल्यावर हातावर हात धरून न बसता ती वेबसाइट बनवायला शिकली, तीही अशीच, दुसऱ्यांची पानं उघडून, आत काय आहे ते उचकून. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "थांबा, अजून ते दोन स्क्रू कुठले ते कळलं नाही."

वेबसाइटमध्ये काही बदल केला की पायात चपला सरकवून ती घराबाहेर पडायची. "घरातलं वायफाय खुशमस्कऱ्या आहे, सगळं गोडच दाखवतं," हे तिचं म्हणणं. पुलाखाली, बाजाराच्या तळघरात, जिथे जिथे नेटवर्क रडतं तिथे उभं राहून ती आपलं पान उघडून बघायची. परक्याच्या नजरेला काय दिसतं ते कळावं म्हणून ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडायची. स्वस्तातला एक जुना मोबाइलही त्यासाठीच पिशवीत असायचा. रस्ता ओलांडताना मात्र तिला गाड्या दिसायच्या नाहीत. म्हणून धाकट्या भावाने बायकोला सांगून ठेवलं होतं, "ती निघाली की तूही नीघ. फार बोलू नकोस, नुसती धरून ठेव."

पण आजचं चालणं नेहमीचं नव्हतं.

खुडबुडीने एका रुग्णालयासाठी डायलिसिसचे नंबर लावायचं पान केलं होतं. आजवर पेशंट काउंटरवर फोन करायचे. आज सकाळपासून फोन बंद, सगळं पानावर. पुढच्या आठवड्याची वेळ आज संध्याकाळी काउंटर बंद व्हायच्या आत पक्की करायची, नाहीतर ती खुर्ची दुसऱ्याला. आणि दुपार कलली तरी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तरण्या पेशंटांचे नंबर लागले होते. म्हाताऱ्यांचे नाहीत.

"स्क्रीनवर एखादी सणसणीत चूक आली असती तर बरं झालं असतं," पुलाच्या उतारावर खुडबुडी म्हणाली. "तिच्या मागे लागता आलं असतं. तक्रारच नाही एकही. लोक येतात, पान बघतात आणि निघून जातात."

"करतील हो. जेवून-बिवून सावकाश करतील."

"रक्त सावकाश शुद्ध होत नाही, वहिनी."

वहिनी देवाचं फार बोलून दाखवणारी नव्हती, पण मनातल्या मनात नाव घेणं सुरू झालं. ताईचे मामाही त्याच रुग्णालयात जात. त्यांचाही नंबर लागला नव्हता आणि ते फोन उचलत नव्हते. म्हणून दोघी त्यांच्याच घरी निघाल्या होत्या. रिक्षा करू म्हटलं तर खुडबुडी म्हणाली, बसून राहिले तर माझं डोकं फुटेल.

चालता चालता खुडबुडीच्या मोबाइलवर वहिनीच्या एका चुलत जावेचा फोन आला. चुकून कॉम्प्युटरवरची सगळी पानं बंद झाली म्हणे.

"कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाब. परत येतील," खुडबुडी म्हणाली. "आली? बरं. ठेव आता."

घरादाराचं हे रोजचंच. काही बिघडलं की खुडबुडी. बंद करून चालू केलंस का? काहीतरी लिहून आलं तर ते पुसू नकोस, त्याचा आधी फोटो काढ. नको ते पुसलं गेलं तर रडू नकोस, कंट्रोल आणि झेड दाब. मामांना आणि वहिनीला तर तिने स्वतः बसून मोबाइलची अक्षरं सगळ्यात मोठी करून दिली होती. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डोळ्यांना शिक्षा कशाला, म्हणाली होती. तेव्हापासून वहिनीच्या मोबाइलवर एकदोन शब्दांत ओळ संपायची, पण वाचता यायचं. चाळीतल्या, ओळखीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना वहिनीने तो उपाय सांगितला होता.

मामा दारातच खुर्ची टाकून बसले होते. मोबाइल मांडीवर.

"आलीस? सूनबाईलाही आणलीस. म्हणजे प्रकरण गंभीर आहे."

"फोन का उचलत नाही तुम्ही?"

"तुझ्या पानात गुंतलो होतो. फोन वाजला की पान जायचं. मग ठरवलं, आधी पान."

"मग नंबर का नाही लावलात?"

मामा जरा ओशाळले. "लावतोय की सकाळपासून. नाव घातलं. दिवस निवडला. पुढे काही होतच नाही. म्हटलं, माझंच चुकत असेल. तू कामात, उगाच तुला कशाला त्रास. काउंटरवरच्या बाईला विचारावं तर तिथे फोन बंद."

"दाखवा बघू," म्हणत खुडबुडी त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसली.

मामांनी पान उघडलं. पानावरचं नाव एवढं मोठं की त्यानेच अर्धी स्क्रीन खाल्ली होती. मामा खाली सरकवत गेले. दिवस आला, वेळ आली. तळाशी निळी पट्टी होती आणि पट्टीत लिहिलं होतं, 'तुम्ही निवडलेली वेळ'. बस. त्याच्याखाली काही नाही.

"इथे बटण आहे," खुडबुडी म्हणाली. "वेळ पक्की करा."

"कुठाय?"

खुडबुडीने आपला मोबाइल त्यांच्या मोबाइलशेजारी धरला. तिच्या मोबाइलवर निळ्या पट्टीत तोच मजकूर एका ओळीत होता आणि त्याच्याखाली ठसठशीत बटण. मामांच्या मोबाइलवर त्या एका ओळीच्या तीन ओळी झाल्या होत्या आणि बटण पट्टीच्या खाली ढकललं जाऊन कापलं गेलं होतं.

मग तिने मामांच्या मोबाइलवर अक्षरांच्या आकाराची जागा उघडली. सगळ्यात मोठा. तिनेच करून दिलेला.

"पट्टीची उंची मी पक्की बांधून टाकली," ती हळूच म्हणाली. "एवढ्यातच मावलं पाहिजे म्हणून. आणि अक्षरं मोठी करून दिली तीही मीच. सगळ्याच म्हाताऱ्यांची मोठी असणार."

वहिनीने पिशवीतून आपला मोबाइल काढला. उघडावा की नाही असं तिला झालं. सकाळी खुडबुडीने चहा घेताना तेच पान तिला पाठवलं होतं, "वहिनी, तुझ्या मोबाइलवर जरा बघ ना." वहिनीने बघितलं होतं. रंग छान होता. बटण दिसलं नव्हतं. तिला वाटलं, आपण काही पेशंट नाही, आपल्याला कशाला दिसेल. आणि ती म्हणाली होती, "छान आहे."

"ताई," ती म्हणाली, "सकाळी मलाही दिसलं नव्हतं."

खुडबुडीने मान वर केली. रागावली असती तर बरं, असं वहिनीला वाटलं. पण ती रागावली नाही. तिने नुसता आपल्या पिशवीतून लॅपटॉप काढला आणि मामांच्या स्टुलावर मांडला. स्टूल डगमगत होतं, मामांनी त्याचा पाय आपल्या पायाने दाबून धरला. दोन ओळी पुसून तिने दोन लिहिल्या. पट्टी आता मजकुराएवढी उंच होईल, म्हणाली.

"बघा आता."

मामांनी बघितलं. "तसंच आहे."

"मोबाइलने जुनंच पान जपून ठेवलंय. परत मागवा. वरून खाली ओढा."

मामांनी ओढलं. गोल चकती फिरायला लागली, फिरतच राहिली. वहिनीचे ओठ हलत होते. खुडबुडी उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. मग निळी पट्टी चढत चढत स्क्रीनच्या मध्यावर आली आणि तिच्या पोटात बटण दिसलं.

"अरेच्चा, हे होतं होय," मामा म्हणाले आणि दाबलं. वेळ पक्की झाली. "आता मला चहा द्या. या बयेने माझं सकाळपासून पाणी तोडलंय."

"पाणी तसंही तोलूनच प्यायचं तुम्ही," खुडबुडी म्हणाली, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. रुग्णालयातल्या ओळखीच्या सिस्टरला तिने फोन लावला होता. झालेलं जसंच्या तसं सांगितलं, आपली चूक म्हणूनच सांगितलं, आणि काउंटरचा फोन उद्या दुपारपर्यंत तरी चालू ठेवा, तोवर कुणाची खुर्ची दुसऱ्याला देऊ नका, ज्यांचा नंबर लागला नाही त्यांना तुम्हीच फोन करा, अशी गळ घातली. सिस्टर पलीकडून बराच वेळ बोलत होती. खुडबुडी नुसती "हो, हो, चुकलंच" म्हणत होती. शेवटी सिस्टर तयार झाली.

परत निघाल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. पानावर एकेक खुर्ची भरत चालली होती आणि खुडबुडी प्रत्येक नावाला थांबत होती. तरी तिच्या पायांना स्वस्थता नव्हती. पुलावर आल्यावर ती एकाएकी उभी राहिली.

"किती जण 'माझंच चुकत असेल' म्हणून मोबाइल बाजूला ठेवत असतील गं?"

"मी तरी ठेवतेच," वहिनी म्हणाली.

मग खुडबुडीने मोबाइल पिशवीत टाकला आणि वहिनीचा हात धरला.

"एक करशील माझ्यासाठी? तुझी अक्षरं अशीच मोठी राहू दे. मी काहीही नवं केलं की आधी तू उघडायचं. आणि मला छान आहे म्हणायचं नाही. जिथे अडकशील तिथे मोबाइल ठेवून द्यायचा नाही, मला हाक मारायची. मी जेवत असले तरी."