माझा नंबर तुम्ही घ्या

पिपरी मेघेतल्या माझ्या खोलीपासून दातांचा दवाखाना चालत सात मिनिटांवर आहे. तिथल्या खुर्चीवर उपचाराला बसायला मला चार आठवडे लागले.

खालची डावी दाढ दुखत होती. डॉक्टर मॅडमनी छोटा आरसा घालून तपासलं आणि म्हणाल्या, "आत्ता रूट कॅनल केलं तर दाढ वाचेल. महिनाभर थांबलात तर काढावी लागेल." आरशाची मला भीती वाटली नाही. पण शेजारी लटकलेल्या दाढ कोरायच्या मशीनची वाटली.

आमच्या घरातून दातांच्या डॉक्टरकडे गेलेला मी पहिलाच. कॉलेजात गेलेलाही पहिलाच, पण तिथे निदान माहितीपुस्तक मिळालं होतं. समुद्रपूरकडच्या आमच्या गावात दात दुखला की लवंग ठेवायची, मग मिठाच्या पाण्यानं चुळा भरायच्या, मग तो आपोआप पडेपर्यंत दुसऱ्या बाजूनं चावायचं. बाबांचे सात दात असेच गेले. आई फोनवर म्हणाली, "तुह्या बाबाकडं पाह्य. दुधात भाकर चुरल्याबिगर घास उतरत नाई. तुले तसंच राह्यचं हाये काय?"

मला तसं राहायचं नव्हतं. म्हणून मी नंबर लावला आणि बाकावर जाऊन बसलो. शेजारी केळझरहून आलेल्या एक काकू गाल धरून बसल्या होत्या. त्यांना शेवटची बस धरायची होती. मी म्हणालो, "काकू, माझा नंबर तुम्ही घ्या." हे मी मनापासून म्हणालो. आमच्याकडे गिरणीवर, नळावर, सगळीकडे घाईतल्या माणसाला पुढे जाऊ देतात. पण त्या संध्याकाळी मी सहा जणांना पुढे जाऊ दिलं, आणि सहावा माणूस कोपऱ्यावरच राहत होता. दवाखाना बंद करताना नंबर लिहिणाऱ्या ताई म्हणाल्या, "भाऊ, तुमच्यावर संस्कार लय चांगले हायेत."

पुढच्या आठवड्यात बाकावर दुसरं कोणी नव्हतं. तेवढ्यात औषध कंपनीचा एक माणूस बॅग घेऊन आला. मी त्याला माझा नंबर दिला. त्याला दात दाखवायचेच नव्हते. तो आत गेल्याबरोबर मी घरी आलो.

खोलीजवळच्या सलूनवाल्या दादांनी माझा चेहरा बघितला. "काऊन भाऊ, गाल फुगवून फिरून राह्यला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी कंगवा बाजूला ठेवला, थोडा वेळ गंभीर विचार केला आणि म्हणाले, "खुर्चीची सवय कर न. माही खुर्ची बी मांगं होते. संध्याकाळी येत जा, तोंड उघडून बसत जा."

मला ते पटलं. अवघड विषयाचा मी रोज सराव करतो, मग याचा का नाही? कॉलेज सुटलं की मी सलूनमध्ये जायचो. दादा गळ्याभोवती टॉवेल बांधायचे, डोकं मागे टेकवायचे आणि गालाजवळ आवाजासाठी नुसताच ट्रिमर चालवायचे. मी तोंड उघडून छताकडे बघायचो. शेवटी दोन मिनिटं चंपी. वहीत मी नोंद ठेवली होती: पहिला दिवस दोन मिनिटं, आठवा दिवस अकरा.

कटिंगला आलेली माणसं वाकून माझ्या तोंडात बघायची. "किडा त दिसत नाई." "आतमंधी असन. भायेर कायले बसते तो?" रोज पेपर वाचायला येणारे एक काका होते, खांद्यावर पांढरा दुपट्टा. ते सगळ्यात जास्त बोलायचे. "शिकला-सवरला पोरगा अन् दातले भेते! मी त चार दात हसत हसत काढले. डाक्टरच घाबरला!"

मला त्यांच्यासमोर फार लाज वाटायची.

मॅडमनी सांगितलेला महिना संपायला चार दिवस उरले, तेव्हा मी पुन्हा दवाखान्यात गेलो. बाकावर ते काका बसले होते. दुपट्टा जबड्याखालून घेऊन डोक्यावर गाठ मारलेली.

"काका, तुम्ही?"

"असाच आलतो," ते म्हणाले. "पंख्याखाली बसाले."

ताईंनी माझा नंबर पुकारला. मी म्हणालो, "काका, तुम्ही जा आधी."

"नाई, नाई. तू इद्यार्थी, तुहा टाइम वाया जाईन."

"तुम्ही मोठे आहात."

"मोठा हाओ म्हणूनच सांगून राह्यलो. जाय."

ताई म्हणाल्या, "कोणीबी या, पण या. मॅडम बसून हायेत."

काका माझ्याकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "चवथ्यांदा आलो मी. दर खेपेले कोणाले न कोणाले नंबर देतो."

"आणि ते हसत हसत काढलेले चार दात?"

"आपोआप पडले ते," काका म्हणाले. "आता भाकर चुरून खातो."

मी उठलो.

खुर्ची मागे गेली. गळ्याभोवती कापड बांधलं गेलं. मी सरावाप्रमाणे डोळे मिटले. मॅडमनी विचारलं, "सुरू करू?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. साइडनं बारीक ठेवा."

मॅडमनी एकदा माझ्या केसांकडे बघितलं. मग इंजेक्शन टोचलं, गाल बधिर झाला, मशीन सुरू झालं. तो आवाज मी ट्रिमरचा मानला. ट्रिमरचा तो अजिबात नव्हता. तरी मी मानत राहिलो.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "दाढ वाचेल. अजून दोनदा यावं लागेल."

मी उठलो नाही.

"काही राहिलंय का?"

चंपी राहिली होती. ओठ बधिर असल्यानं मला ते सांगता येईना, म्हणून मी दोन्ही हात डोक्यावर ठेवून दाखवलं. त्यांनी विचारलं, "डोकं दुखतंय?" मग मात्र मी लगेच बाहेर आलो.

काका उभे राहिले. "दुखलं काय?"

मला "नाही" म्हणायचं होतं. तोंडातून "फफ" असा आवाज आला आणि लाळ शर्टावर पडली. काकांचा चेहरा उतरला. थोडा विचार करून ते म्हणाले, "हे पाह्य, तुले आता आतलं सगळं माहीत झालं. माह्या नंबरावर बी तूच जाऊन ये न."

मी क्षणभर खरोखरच विचार केला.

ताईंनी काकांचा नंबर पुकारला. बाकावर दुसरं कोणी नव्हतं. मी त्यांच्या दुपट्ट्याची गाठ सोडली, त्यांचं कोपर धरलं आणि दोघं आत गेलो. काका खुर्चीवर आडवे झाले. मी मागे उभा राहिलो. मशीन सुरू झालं तसे त्यांचे पाय ताठ झाले. मला काय करावं सुचेना. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले आणि सलूनवाले दादा करायचे तशी चंपी सुरू केली.

मॅडमनी मशीन थांबवलं. माझ्याकडे बघितलं, काकांच्या पायांकडे बघितलं. पाय सैल पडले होते.

"हळू करा," त्या म्हणाल्या. "डोकं हलतंय."