मायाचा जीवनपरिचय

अकोल्याच्या जुन्या शहरात कोणाकडे पुण्यानुमोदन असलं, की गेलेल्याचा जीवनपरिचय सांगायला देवमन गुरुजींनाच बोलावत. शाळेतून रिटायर झाल्यापासून हेच त्यांचं काम. आदल्या दिवशी वही घेऊन त्या घरी जायचे, खोदून खोदून विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी असं बोलायचे, की जन्मभर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भांडलेला माणूसही लाखातला वाटावा.

आता स्वतःचीच मुलगी गेली होती. माया, एकतीस वर्षांची, बिनलग्नाची. कार्यक्रम उद्यावर आला तरी वहीत नावाखाली पेन काही सरकेना. जन्मतारीख एक जुलै. तीही शाळेत घालताना सोयीची म्हणून त्यांनीच टाकलेली. खरी कोणती, म्हणून बायकोला विचारलं.

"थंडी होती तवा," दुर्गाबाई म्हणाल्या. "पोराची, अश्विनची, मातर टायमासकट ध्यानात हाये."

गावभर चौकशा करत हिंडलो आणि घरातल्या पोरीला कधी काही विचारलं नाही, याची गुरुजींना लाज वाटली. वही काखेत मारून ते दामिनीकडे गेले. बाजारात माडीवर तिचं फॉल-पिकोचं दुकान होतं. माया तिथं सात वर्षं कामाला होती.

दामिनीला सगळं माहीत होतं. मायाला आंबट चालत नसे. साडीच्या रंगाला धागा असा जुळवायची, की गिऱ्हाईक तिलाच मागायचं. दामिनीच्या वर्षालीला दहावीचं गणित तिनंच शिकवलं. गुरुजी मान खाली घालून लिहीत गेले. शेवटी हात सवयीनं चालला, 'अल्पशा आजाराने निधन.'

दामिनीनं ते वाचलं.

"गुरुजी, अल्पसा नव्हता. आठ महिने हा जिना चढताना तिले दम लागे. तीनदा बसे. घरी सांगतलं का, म्हटलं. त म्हणे, सांगतलं."

सांगितलं होतंच. डॉक्टरकडे जाऊ, असंही म्हणाली होती. पण ते अश्विनच्या स्पर्धा परीक्षेचे दिवस होते. हृदयाची झडप खराब आहे हे कळलं, तेव्हा हातात दोन दिवस उरले होते.

रात्री अश्विननं वही चाळली. 'अल्पशा' खोडून गुरुजींनी 'आठ महिने' लिहिलं होतं. "बाबा, चारचौघांत हे कायले? अल्पसा आजारच ठेवा. सगळेच लिहितात."

दुसऱ्या दिवशी बुद्धविहार भरला होता. गुरुजी उभे राहिले. वर्षालीच्या गणितापर्यंत आले आणि थांबले. त्यांनी वही मिटली.

"माह्या पोरीचा आजार अल्पसा नव्हता. आठ महिने सांगून राहिली होती. आमी आयकलं नाही."

दुर्गाबाईंनी पदरात तोंड खुपसलं. अश्विन लगबगीनं पुढे आला, त्यांचा दंड धरला. "बाबा, बसा आता."

"थांब," गुरुजी म्हणाले. "तुह्या परीक्षेपायी आपण तिले थांब म्हटलं होतं. थे सांगाचं राह्यलं."